अकरा दिवस निरंक

ईट गावातल्या आमच्या घराच्या ओसरीतून समोरचं तारेचं कुंपण दिसतं. कुंपणाच्या आत सिमेंटच्या ओट्यावर गुडघ्याएवढं पत्र्याचं एक नळकांडं उभं आहे. ते पर्जन्यमापक आहे, हे गावात फार थोड्यांना माहीत असेल. शेळ्या घेऊन जाणाऱ्या बायका त्याला ‘बंडप्पाचा डबा’ म्हणतात.

बंडप्पा रोज सकाळी आठला येत. कुलूप काढत, वरचं नरसाळं उचलून बाजूला ठेवत, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत, माप डोळ्यांसमोर धरून आकडा बघत आणि वहीत लिहीत. पाऊस नसला तरीही. रिकामी बाटलीसुद्धा ते मापावर उपडी करत, क्षणभर थांबत आणि ०.० लिहीत. आमच्या भागात वर्षातले तीनशेहून अधिक दिवस ०.० चेच असतात. १९९० ते २०२१ अशी एकतीस वर्षं त्यांनी हे रोजंदारीवर केलं. माझी रोजनिशी लिहायला बसायची वेळही तीच, म्हणून माझ्या एकतीस वह्यांत जवळजवळ प्रत्येक पानावर एक ओळ सारखी आहे : ‘८.०० बंडप्पा आले.’

माझे यजमान गुरांचे डॉक्टर होते. आडवं आलेलं वासरू, फुगलेली गाय, सापानं डसलेला बैल, असं त्यांचं रोज काही नवं असे. रात्री जेवताना ते हात हलवत सांगत आणि माझी भाजी गार होई. जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आपल्या दारासमोर चालतं, असं ते हसत म्हणत. बंडप्पांची बायको लक्ष्मम्मा आमच्याकडे ताक न्यायला येई, तिचं म्हणणं त्याहून तिखट होतं. "आमचं हे रोज सकाळी सरकारचा डबा रिकामा हाय का बघून येत्यात. घरातला कवा बघितला न्हाय."

मी एकदा बंडप्पांना विचारलं होतं की कंटाळा येत नाही का. त्यांनी वही काखेत धरली.

"झाकण काढूस्तोवर कुठं ठाऊक असतंय, बाई?"

"अहो, मे महिन्यात सुद्धा?"

"मे महिन्यातबी."

हे मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, आणि नंतर विसरले.

२०२१ मध्ये गावात दुसरीकडे खांबावर यंत्र बसलं. ते आपोआप मोजतं आणि आपोआप कळवतं. बंडप्पांना तोंडीच सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. ते दुसऱ्या दिवशीही आठला आले. त्यानंतरही रोज येत राहिले. कुलपाची किल्ली काढून घेतली होती, म्हणून कुंपणाबाहेरूनच बघत, तारेजवळचं गवत उपटत आणि जात. माझी ओळ चालूच राहिली.

गेल्या डिसेंबरात शुभांगी नावाची एक मुलगी आली. विद्यापीठात ती मराठवाड्यातल्या पावसावर संशोधन करते. जुन्या नोंदींचे गठ्ठे चाळताना तिला आमच्या या डब्याच्या एकतीस वर्षांच्या नोंदी सापडल्या होत्या. एकही दिवस रिकामा नाही. बाकी ठिकाणी महिनेच्या महिने कोरे, आणि इथं दिवाळीच्या दिवशीसुद्धा आकडा. अशी वही तिनं आजवर पाहिली नव्हती. ज्यानं ती लिहिली त्याला भेटायला ती मुद्दाम आली होती.

बंडप्पांना त्या दिवशी मी इस्त्रीच्या सदऱ्यात पाहिलं. कपाळाला ताजी विभूती होती. माझ्याच ओसरीत दोघं बसले आणि ती विचारत गेली. नरसाळ्याच्या कडेला चिमण्या बसत होत्या का, वाऱ्यात पाऊस तिरपा आला तर काय करत होता, माप कोणत्या रेषेवर वाचत होता. बंडप्पा आधी एका शब्दात उत्तरं देत होते. मग ते उठून उभे राहिले आणि हातात माप नसताना माप धरून दाखवू लागले. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. शुभांगी म्हणाली, तिच्या प्रबंधात हे ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं असेल, आणि नोंदी कोणी घेतल्या तेही नावासकट लिहिलं जाईल. ते ऐकून त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तिसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या ऑफिसातून परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. बंडप्पा नव्हते. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, काकांनी कधी खोट्या नोंदी केल्या असतील का?"

मी म्हटलं, शक्य नाही.

तिनं फोनमध्ये फोटो काढून आणलेला एक कागद दाखवला. जुलै २००६ चा. वीस तारखेपर्यंत बंडप्पांच्या अक्षरात आकडे. एकवीस ते एकतीस, अकरा दिवस, एकाखाली एक : निरंक, निरंक, निरंक. त्या अकरा दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या गावांत धो धो पाऊस होता. ऑफिसनं खुलासा मागवला होता. बंडप्पांचं उत्तर फाइलला होतं : ‘सदर नोंदी माझ्याकडून चुकीने झाल्या.’ आणि खाली कोणा साहेबाचा शेरा : ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत.’ दोन वर्षांनी रोजंदारीवरच्यांना कायम करण्याची यादी झाली, तिच्यात त्या शेऱ्यामुळे त्यांचं नाव घातलं नव्हतं. घरात बसून अकरा दिवस लिहिले असतील तर बाकीचे कशावरून खरे, असं तिचे सर विचारतील, आणि मग सगळं ठिकाणच वगळावं लागेल, असं ती सांगत होती. मला शेवटचं नीट ऐकू आलं नाही. कागदावरचं ते ‘निरंक’ बंडप्पांच्या अक्षरात नव्हतं. माझ्या अक्षरात होतं.

मी आत जाऊन २००६ ची वही काढली.

त्या जुलैत लक्ष्मम्माला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. बंडप्पांना रजा मिळण्यासारखी नव्हती, की मागायला वेळ नव्हता. ते किल्ली, वही आणि काचेचं माप माझ्याकडे ठेवून गेले. रोज आठला बघा, लिहा, बाटली रिकामी करून परत ठेवा, एवढंच त्यांनी सांगितलं. मला ते आवडलं होतं. नीट नोंद ठेवणं हे एवढं एकच काम मला येतं, असं मी वहीत लिहिलंही आहे. एकवीस तारखेला पहिल्याच सकाळी ओल्या ओट्यावरून माप घरंगळलं आणि फुटलं. आता आकडा कुठून आणायचा? अंदाजानं लिहिणं मला पटेना. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी कोरी जागा सोडू नये आणि खोटं लिहू नये, या दोन गोष्टी हाताला पट्टी मारून शिकवल्या होत्या. सगळं शिक्षण इंग्रजीत, सरकारी मराठी मला डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कागदांवरून जेवढं कळलं तेवढंच. त्या कागदांत ‘निरंक’ हा शब्द मी पाहिला होता. मी त्याची फोड केली. निर् अंक. ज्याला अंक नाही ते. कोरड्या दिवशी बंडप्पा ०.० लिहितात, हे वरच्या ओळींत दिसतच होतं. म्हणजे शून्य वेगळं आणि निरंक वेगळं. माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ अशी आहे : ‘माप फुटले. पाऊस जोराचा. आकडा नाही, म्हणून निरंक लिहिले.’

ऑफिसात निरंक म्हणजे काहीच नाही. पाऊस पडलाच नाही. हे मला कळलं ते अठरा वर्षांनी, त्या मुलीच्या फोनच्या काचेवर.

तीस जुलैला लक्ष्मम्मा गेली. एकतीसला दुपारी तिला इथंच माती दिली. संध्याकाळी ऑफिसचा माणूस वहीतला महिन्याचा कागद न्यायला आला, तो मी स्वतः त्याच्या हातात दिला. बंडप्पांना त्या दिवशी त्रास नको म्हणून. एक ऑगस्टला आठ वाजता बंडप्पा कुंपणाशी होते. माप फुटल्याचं मी सांगितलं. "असू द्या," म्हणाले. किल्ली घेतली आणि आत गेले.

शुभांगीला मी वही वाचून दाखवली. ती बराच वेळ फोटो काढत होती. मग तिनं सरांना फोन केला. अंगणात फेऱ्या मारत बोलली. परत आली तेव्हा तिनं मला कळेल अशा शब्दांत सांगितलं. सर म्हणाले, रोजनिशी खरी असेल, पण आता तर प्रश्न वाढला. परक्या व्यक्तीनं नोंदी घेतल्या, कर्मचाऱ्यानं त्या आपल्या म्हणून कबूल केल्या. असं आणखी किती वेळा झालं असेल? हे ठिकाण घेता येणार नाही. पोरीचे डोळे भरले होते. ती प्रामाणिक होती, तिच्यावर मी रागावू शकले नाही.

हे बंडप्पांना तिनं सांगू नये, मी सांगेन, असं मी म्हटलं. ती दुपारच्या एसटीनं गेली.

दुसऱ्या दिवशी आठला ते आले. सदरा तोच, इस्त्रीचा. मी त्यांना ओसरीत बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं. निरंकचा मी लावलेला अर्थ, फोन, ठिकाण वगळल्याचं, सगळं. ते खाली फरशीकडे बघत ऐकत होते.

त्यांनी आधी विचारलं, "माझं नाव न्हाय येणार मग?"

"नाही, बंडप्पा."

त्यांनी मान हलवली. मग मला विचारलं की त्या अकरा दिवसांत पाऊस किती झाला होता, वहीत काही हाय का. ते सोलापुरात दवाखान्याच्या आत होते, त्यांना ठाऊक नव्हतं. मी वाचलं. बावीसला दिवसभर. चोवीसला पहाटेपासून, अंगणातली पहिली पायरी बुडाली. पंचवीसला दुसरी. ते उठले, माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप मागून घेतली आणि खाली बसून पायऱ्यांची उंची मोजली. प्रत्येकी साडेसहा इंच. मला वाटलं, आता काही आकडा निघेल. त्यांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.

"हे वरच्या शेतातनं वाहून आलेलं पाणी, बाई. पाऊस न्हाय. ह्याचा आकडा होत न्हाय."

मग मी विचारलं. खुलासा मागवला तेव्हा माझं नाव का नाही सांगितलं? ते म्हणाले, सरकारी किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून आणखी लागलं असतं, आणि डॉक्टरसायब सरकारी माणूस, त्यांच्या घराला कशाला. मी म्हटलं, मग निदान मला तरी सांगायचं होतं. मी जाऊन त्यांना समजावलं असतं.

बंडप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमी रोज लिवता, बाई. सगळं लिवता. म्या समजलो तुमाला ठाऊक हाय."

म्हणजे ही अठरा वर्षं, रोज आठ वाजता, त्या कुंपणापाशी उभा असलेला माणूस असं धरून चालला होता की ओसरीतल्या बाईला सगळं माहीत आहे आणि ती बोलत नाही. कायमच्या यादीत नाव आलं नाही त्या वर्षीही मी त्यांना हाक मारून तीळगूळ दिला होता. ते घेऊन गेले होते. ते पान माझ्याकडे आहे.

मी काही तरी बोलले असेन. काय ते मला लिहिता आलेलं नाही. ते ‘येतो’ म्हणून गेले.

मी ऑफिसला पत्र पाठवलं आहे, वहीच्या पानांच्या प्रती जोडून. उत्तर आलं की २००६ च्या नोंदी अंतिम झालेल्या असल्याने बदल शक्य नाही. ते पत्र मी त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी चहा केला, पत्र वाचून दिवाणावर ठेवलं आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

आता ते कुंपणाकडे येत नाहीत. तारेजवळ गवत वाढलं आहे. मी मात्र आठ वाजता वही उघडून बसते आणि जे आहे ते लिहिते : ‘८.०० बंडप्पा आले नाहीत.’