भाषा बदलून टाक

आमच्या कॉलेजात लेखनकौशल्याची कार्यशाळा घ्यायची असं ठरलं, तेव्हा ते घोंगडं माझ्याच गळ्यात पडणार हे शिपायालाही माहीत होतं. हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, मराठी शिकवणारी मी एकटी, आणि तपासणी समिती तोंडावर आलेली. समितीला दाखवायला प्राध्यापकांसाठी काहीतरी केल्याचे फोटो लागतात. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, आपले लोक पेपर लिहून राहिले, पण ते वाचवत न्हाईत. तुमी जरा सुधरवा." पेपर म्हणजे शोधनिबंध. पदोन्नतीला लागतात म्हणून सगळे लिहितात. वाचून काही मिळत नाही, म्हणून कोणी वाचत नाही.

पहिल्याच तासाला मी म्हटलं, घरून कॉलेजला कसे येता तेवढं अर्धं पान लिहा. ज्यानं हा रस्ता पाहिला नाही, त्याला कळलं पाहिजे. वाणिज्य शिकवणाऱ्या सरांनी लिहिलं, 'प्रस्तुत लेखकाचे निवासस्थान व सदर महाविद्यालय यांमधील अंतर दळणवळणाच्या साधनांद्वारे पार करण्यात येते.' मी विचारलं, "सर, म्हणजे तुम्ही जीपनं येता ना?"

"व्हय."

"मग तसंच लिहा की."

"मॅडम, तसं लिहिलं तर प्राध्यापकानं लिहिल्यावानी कसं वाटंल?"

सगळे हसले. मीही हसले, पण त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. आम्ही बहुतेक सगळे आपापल्या घरातले पहिले शिकलेले. साधं लिहिलं तर याला काही येत नाही असं लोक म्हणतील, ही भीती आमच्या हाडात बसली आहे. जेवणानंतर निम्मी माणसं बसल्या जागी झोपली, आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतत मी पाच वाजवले.

एकीनं मात्र खरोखर लिहून दिलं. ती इतिहास शिकवायची, तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि उन्हाळ्यात घरी. सेनगावच्या पलीकडच्या एका तांड्यातली पोरगी. तिनं लिहिलं होतं, की पहिल्या जीपमध्ये बाया बाजाराची भाजी घेऊन बसतात, कुणाची तरी टोपली तिच्या मांडीवर येते, आणि पहिल्या तासाला खडू धरला तरी हाताला मेथीचा वास येत राहतो. एकही अवघड शब्द नाही. मी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, आणि ती इतकी लाजली की मला वाटलं, आता पुन्हा काही दाखवायची नाही.

पण दाखवलं. पुढच्या आठवड्यापासून तास संपले की ती ग्रंथालयात माझ्याजवळ येऊन बसू लागली. तिची पीएच.डी. चालू होती. विषय लदेणीचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तिच्या समाजाचे लोक पूर्वी मुलूखभर फिरायचे, त्यांचे मुक्काम आपल्या जिल्ह्यात कुठं कुठं पडायचे, हे ती शोधत होती. तांड्या-तांड्यांतल्या म्हाताऱ्यांनी आपल्या आज्यांकडून ऐकलेलं तिनं गोळा केलं होतं. सुरुवातीची पानं बाकीच्यांसारखीच होती, 'सदर' आणि 'प्रस्तुत'नं भरलेली. मी चिडायचे. "हे तुला कोणी सांगितलं? कसं सांगितलं? तसं लिही ना!" ती जायची, पुन्हा लिहून आणायची. मी स्वभावानं तिखट आहे, पण ती कधी रुसली नाही.

आणि मग एक दिवस तिनं हे आणलं, 'बैल थकला की मुक्काम पडायचा. माणूस थकला म्हणून मुक्काम पडला, असं मला एकाही म्हाताऱ्यानं सांगितलं नाही.'

मी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं मी भाषा शिकवते आहे, पण असं वाक्य माझ्या हातून उतरलेलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही.

तिला घाई होती, आणि कारणही तसंच होतं. कायम जागेची जाहिरात कधीही निघेल असं सगळे म्हणत होते, आणि पीएच.डी. नसेल तर अर्जच करता येणार नव्हता. शिवाय तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. मुदतीत प्रबंध गेला नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरात दोन लेकरं, नवरा शेतात. सासू रोज विचारायची, "कवा संपतंय तुझं शिकणं?"

मधल्या काळात आमच्या कॉलेजात चर्चासत्र झालं होतं. त्यात तिनं लदेणीवरचं प्रकरण वाचलं आणि ते त्या चर्चासत्राच्या पुस्तकात छापून आलं. वर नाव तिच्या मार्गदर्शकाचं, खाली तिचं. मार्गदर्शक म्हणजे आमचेच इतिहासाचे विभागप्रमुख. मी विचारलं होतं, "यात सरांनी काय लिहिलंय गं?"

"काई न्हाई. पण मॅडम, सरांचं नाव खाली बरं दिसंल का?"

लग्नपत्रिकेत जसं थोरल्या चुलत्याचं नाव आधी घालतात, मग तो लग्नाला येवो न येवो, तशी आमच्याकडची रीत. सरांनी मागितलं नव्हतं. तिनंच मानानं घातलं होतं. त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही.

सरांनी मात्र त्यानंतर तोच मजकूर उचलून एका मासिकात फक्त स्वतःच्या नावानं छापला. त्यांच्या पदोन्नतीला एक लेख कमी पडत होता. आपल्याच नावाचा लेख आपण पुन्हा छापला, एवढंच त्यांच्या मनात असावं. तिला ते माहीतही नव्हतं.

प्रबंध जमा करण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून काढतात. कुठून काय उचललं आहे ते लाल होऊन येतं, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लाल झालं तर विद्यापीठ प्रबंध घेत नाही. तो अहवाल घेऊन ती स्टाफरूममध्ये आली, तेव्हा तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. तिचं सगळ्यात चांगलं प्रकरण पानामागून पान लाल. बैलाचं वाक्यही लाल. मूळ लेखक म्हणून सरांचं नाव.

"मॅडम, मी कुनाचं चोरलं?" तिनं विचारलं.

तसा यावर उपाय होता. मार्गदर्शकानं एक पत्र द्यायचं, की हा मजकूर मूळचा विद्यार्थिनीचाच आहे. मग तेवढा भाग वगळतात. आम्ही दोघी सरांकडे गेलो. माणूस वाईट नाही, हे मी लिहिलंच पाहिजे. तिचे तास कापायला निघाले होते तेव्हा हेच सर प्राचार्यांशी भांडले होते. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, अहवाल चाळला आणि चष्मा काढून ठेवला.

"चर्चासत्राच्या पेपरचं पत्र देतो. पण मासिकातल्याचं कसं देऊ? तो माझ्या फायलीला लागलेला हाय. उद्या कोणी इचारलं तर माझी पदोन्नती गेली समजा."

"पण सर, लिहिलंय तिनं," मी म्हटलं.

"मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? आपल्यातली गोष्ट हाय मॅडम." मग तिच्याकडे वळून, अगदी मायेनं, "पोरी, भाषा बदलून टाक. इचार तर तुझेच राहतेत न. माहिती बी तुझीच. नुसती भाषा बदल. तुला तर येतं आता बराबर लिहायला."

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, विद्यापीठाकडे तक्रार कर, मी सही करते. तिनं मान हलवली. "तक्रार केली तर प्रबंधावर सही कोन करील मॅडम? आन मुदत?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग आम्ही ग्रंथालयात बसून तिची भाषा बदलली. मार्चचं ऊन, पंखा कधी चालू कधी बंद. ती एकेक लाल वाक्य वाचायची आणि मी ते मोडायचे. जे शब्द मी तिच्याकडून काढून घेतले होते, तेच आता तिला परत देत होते. 'सदर' आलं, 'प्रस्तुत' आलं, 'आढळून येते' आलं. काम सोपं होतं, याचीच मला जास्त चीड आली. चांगलं वाक्य घडवायला तिला महिना लागला होता, ते बिघडवायला चहा गार व्हायच्या आत जमायचं.

बैलाच्या वाक्याशी ती थांबली. "हे येवढं राहू द्या न मॅडम."

मी अहवाल पुन्हा पाहिला. तेवढं एक ठेवता येईल का, याचा हिशोब करून पाहिला. जमत नव्हतं. मग तिनंच पेन घेतलं आणि माझी मदत न घेता लिहिलं, 'पशुधनाच्या शारीरिक क्षीणतेनुसार विश्रामस्थळाची निश्चिती होत असे. मानवी क्षीणतेस सदर निर्णयप्रक्रियेत स्थान असल्याचे आढळून येत नाही.' लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही. तिला पुढचं पान घ्यायचं होतं.

दुसरा अहवाल स्वच्छ आला. मुदतीत प्रबंध गेला. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, की विषय नवा आहेच, पण मुख्य म्हणजे भाषा संशोधनाला साजेशी प्रौढ आहे, तांड्यातल्या मुलीकडून अशी भाषा यावी याचं कौतुक वाटतं. सर अभिमानानं माझ्याकडे पाहत होते. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

जाहिरात अजून निघालेली नाही. ती अजून तासिका तत्त्वावरच आहे.

यंदा प्राचार्यांनी कार्यशाळा पुन्हा लावली आणि शिकवायला तिला सांगितलं. मी मागच्या बाकावर बसले होते. तिनं फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे एक साधं वाक्य लिहिलं, उजवीकडे तेच फिरवून. सॉफ्टवेअर काय पकडतं, काय पकडत नाही, किती शब्द सलग ठेवायचे नाहीत, वाक्य कुठं तोडायचं, हे तिनं इतक्या नेटकेपणानं समजावलं की जेवणानंतरही कोणी झोपलं नाही. वाणिज्यचे सर पुढच्या बाकावर येऊन बसले होते. सगळे लिहून घेत होते.

संध्याकाळी आम्ही जीपच्या थांब्यावर उभ्या होतो. "बरं झालं का मॅडम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, छान शिकवलंस, आणि ते खरंच होतं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "सध्या काय लिहितेस?"

तिला प्रश्नच कळला नाही.

"आता काहून लिहू मॅडम?" ती म्हणाली. "पीएच.डी. झाली न."