डब्यातला वास

इंजिनावर फडकं विसरणं हा काही मोठा गुन्हा नसावा. पण मी तो केला त्या दिवशी सासऱ्यांना शेजारी बसवून ‘माणसाने गाडीची निगा स्वतः राखावी’ या विषयावर प्रवचन झोडत होतो. सकाळी मोठ्या रुबाबात बॉनेट उघडून तेल तपासलं होतं, फडक्याला हात पुसले होते आणि फडक्याचा मला विसर पडला होता. तिसऱ्या चौकात करपल्याचा वास आला. सासरे म्हणाले, “पुढच्या ट्रकचा असेल.” ट्रक वळून गेला, वास आमच्याबरोबरच राहिला. पाचव्या चौकात बॉनेटच्या फटीतून धूर निघाला, तेव्हा सासरे उतरले आणि चालत घरी गेले. त्यानंतर ते माझ्या गाडीत बसलेले नाहीत.

गाडी ढकलत मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. मिस्त्रींच्या नाकाची ख्याती मोठी. बाकीचे मेकॅनिक अर्धं इंजिन उतरवून जे सांगतात, ते हे नुसत्या वासावर सांगतात, असं लोक म्हणत. मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, स्वच्छ चिंधी आत दोन-तीन ठिकाणी घासली, ती झाकणाच्या डब्यात बंद केली आणि “हात धुऊन येतो” म्हणून मागच्या दाराने घरात गेले. हात धुवायला डबा कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला तहान लागली होती, म्हणून मी मागोमाग गेलो.

आत ओट्याशी वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, कांदा बाजूला सारून डबा उघडत होत्या. डोळे मिटून त्यांनी एकदाच वास घेतला.

“तेल नाही, रबर नाही. सुती कापड आहे. कुणा शहाण्याने फडकं टाकलंय इंजिनावर. खाली सायलेन्सरच्या नळीला चिकटलं असेल, बघा.”

मग त्यांनी डोळे उघडले. मी दारात उभा.

“हेच का ते शहाणे?” वहिनींनी विचारलं.

मिस्त्रींचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला. मला बाजूला घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. पुढ्यात पेट्रोल सांडलं तरी पत्ता लागत नाही. वहिनींनी वीस वर्षं त्यांचे कपडे धुतलेले. बादलीत टाकण्याआधीच त्यांना कळायचं की आज काय उघडलं होतं: क्लच, ब्रेक की गळका रेडिएटर. नाक गेल्यापासून वास डब्यातून आत जातो आणि उत्तर मिस्त्रींच्या तोंडून बाहेर येतं. “कुठे बोलू नका,” ते म्हणाले. मी शब्द दिला. शब्द देण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पुढे मी त्या घरचाच झालो. गाडी ठणठणीत असली तरी चहाला जायचो. वहिनींच्या जिभेला धार होती. एकदा मी नवं अत्तर लावून गेलो, तर म्हणाल्या, “भाऊजी, गाडी बरी आहे, तुमचंच काहीतरी जळतंय.” त्यांचं मागणं एकच होतं. गॅरेजात एक खुर्ची टाकावी आणि जे विचारायचं ते गिऱ्हाइकासमोर विचारावं.

“लोक काय म्हणतील? बायकोच्या नाकावर गॅरेज चालतं?” मिस्त्री म्हणायचे.

“चालतंच की.”

“चालतं. पण म्हणायचं नसतं.”

यावर मी हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं.

त्या दिवशी माझी गाडी जॅकवर होती, पुढचं चाक काढलेलं, आणि मी आत चहा पीत होतो. बाहेर एक डॉक्टर आले. गाडीत म्हातारी आई, सोबत सामान. संध्याकाळपर्यंत दूरच्या गावी पोचायचं होतं. गाडीतून जळका वास येत होता. मिस्त्री डबा घेऊन आत आले. वहिनींनी वास घेतला, आणि लगेच डबा लांब धरला.

“वायर आहे. घशाला लागतोय.”

“क्लचचा असेल. घाटातून आलेत ते.”

“क्लच जळला की रद्दी जाळल्यासारखा येतो. हा तो नाही.”

“वायरिंग उघडायचं म्हणजे दोन दिवस गेले. त्यांना आज जायचंय. जरा पुन्हा बघ.”

“पुन्हा बघून वायरचा क्लच होत नाही,” वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री बाहेर गेले. दाराआडून मला स्पष्ट ऐकू आलं, “क्लच तापलाय, साहेब. दमाने चालवा. परत आलात की बघू.”

गाडी वाटेत पेटली. आईला बाहेर ओढताना डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत भाजला. तिसऱ्या दिवशी ते बँडेज बांधून भावाला घेऊन आले. मीही तिथे होतो. माझं चाक अजून बसायचं होतं. चार गिऱ्हाइकं जमली. मिस्त्री पांढरेफटक पडले. मग त्यांनी घराकडे वळून हाक मारली, “अगं, बाहेर ये.”

वहिनी हात पुसत आल्या. आठ वर्षांत गिऱ्हाइकांसमोर पहिल्यांदा.

“साहेब, मला वासच येत नाही,” मिस्त्री म्हणाले. “आजारात नाक गेलं. ही सांगते, तसं मी करतो. हिनंच क्लच सांगितलं.”

सगळे वहिनींकडे वळले. वहिनींनी मिस्त्रींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चाकाकडे पाहिलं. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, हे शहाणपण माझ्यासारख्यांच्या सोयीसाठीच कुणीतरी करून ठेवलं असावं. शिवाय मी शब्द दिला होता, शिवाय गाडी जॅकवर होती. कारणं सुचायला मला कधीच वेळ लागत नाही.

“घरातल्या बाईच्या नाकावर लोकांच्या जिवाशी खेळता?” डॉक्टरांचा भाऊ म्हणाला. मिस्त्रींनी मान खाली घातली. वहिनी वळून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

महिनाभर गॅरेज ओस पडलं. मग मिस्त्रींनी गाडीला जोडून दोष दाखवणारं यंत्र आणलं आणि गिऱ्हाइकं हळूहळू परतली. ‘बायकोच्या नादी लागला आणि फसला बिचारा’, असं म्हणत परतली. मिस्त्रींवर लोकांचा जीव पूर्वीपेक्षा जडला. यंत्राला वास कळत नाही. जे कळत नाही त्याला मिस्त्री ‘क्लच’ म्हणतात. डबा आत जायचा बंद झाला. गल्लीतल्या बायका खिडकीखालून जाताना विचारतात, “काय हो, आमचं दूध करपलंय का, सांगता?” आणि फिदीफिदी हसतात. वहिनी खिडकी लावून घेतात.

परवा मी धीर करून मागच्या दाराने गेलो. वहिनी ओट्याशी कांदा चिरत होत्या. चहा विचारला नाही. मी घसा खाकरला आणि म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं का नाही सांगितलंत?”

सुरी थांबली नाही.

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”