डेव्हिएशनवर पास झालेलं क्रीम

कंपनीच्या गेटवर काही दिवस माझ्या चेहऱ्याला प्रवेश नाकारला जात होता, आणि त्या दिवसांत मी जेवढी मिरवले तेवढी लग्नातसुद्धा मिरवले नव्हते. कँटीनमध्ये ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की मी एखादा संवाद विसरले तर ऐकणाऱ्याच तो पुरवतात. कागदावर मात्र ती पहिल्यांदा येते आहे, तेव्हा नीट पहिल्यापासून सांगते.

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. विजेच्या बटणांच्या आत जे छोटे पितळी तुकडे असतात ते आमच्याकडे बनतात. माझ्या टेबलावर एक गेज असतं, म्हणजे ठरलेल्या मापाचं हत्यार. तुकडा त्यात बरोबर बसला तर हिरव्या ट्रेत, नाही बसला तर लाल ट्रेत. शंका असली तर पिवळ्यात. मी हिरव्यात टाकलेला तुकडा पुढे कोणी पुन्हा उचलून बघत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

माझी मुलगी पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागली. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे तिचं काम. म्हणजे आम्हा मायलेकींना लोकांच्या चुका काढण्याचा पगार मिळतो. तिच्या वडिलांना मात्र ही सेवा आम्ही दोघींनी कायम विनामूल्य दिली.

तर या मुलीने पहिल्या पगारातून मला चेहऱ्याचं क्रीम पाठवलं. डबी आली ती आधी एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात, आणि आत पांढऱ्या रेशमी कापडाचा बिछाना. डबीबरोबर एक चिमुकला चमचा होता, कारण एवढ्या महाग मालाला बोट लावणं बरं दिसत नाही. किंमत तिने खोडली होती. आमच्या ह्यांनी ती मोबाइलवर शोधून काढली आणि काही वेळ नुसते छताकडे बघत बसले.

हे लेथवर काम करणारे टर्नर. घरात मसाल्याच्या डब्याशेजारी जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर ठेवणारा माणूस. त्यांनी डबी उजेडात धरली, व्हर्नियर लावला, आणि निकाल दिला की काचेचा तळ जाड आहे, बाजू जाड आहेत, झाकण तर पोकळ आहे, आणि एकूण मालापेक्षा काचच जास्त आहे.

"एवढ्यात माझ्या स्कूटरला दोन्ही टायर आले असते," ते म्हणाले.

"स्कूटरला सुरकुत्या पडल्या की तिलाही लावू," मी म्हणाले.

पण संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने असं काही सांगितलं की माझी मस्करी जिरली. ती म्हणाली, "आई, उगाच छान छान म्हणू नकोस. तू तपासणीतली आहेस. डबी संपेपर्यंत वापर आणि मला खरा निकाल दे. पास असेल तर यापुढे तुझी डबी कायम माझ्याकडून. नापास असेल तर तसं तोंडावर सांग."

झालं. आता सांगा, लेकीच्या पहिल्या पगारावर लाल शिक्का मारायला कोणत्या आईचा हात उठेल? आणि खोटा हिरवा मारायचा तर तो मी साहेबांच्या दबावाखाली, महिनाअखेरीच्या घाईतसुद्धा कधी मारलेला नव्हता. मुलगी हे जाणून होती, म्हणूनच तिने मला विचारलं.

डबीबरोबर एक माहितीपत्रक होतं. मटाराएवढं क्रीम घ्या, असं त्यात लिहिलं होतं. हे म्हणाले, भाजीला सोललेत त्यातला एक मटार मापाला बाजूला ठेव. मान वर करा, हनुवटी पुढे घ्या, आणि गळ्यापासून कपाळाकडे, खालून वर हात फिरवा, असंही लिहिलं होतं. मला हे जमेना. वर्षानुवर्षं पितळी तुकड्यांवर वाकून माझी मान पुढे आली आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि मी जगाकडे चष्म्याच्या वरून बघते. मुलगी पुण्याहून ओरडायची, "मान वर, आई. अजून वर. तू क्रीम लावतेयस, सुईत दोरा ओवत नाहीयेस."

सकाळी आरशासमोर मान वर, रात्री आरशासमोर मान वर. हळूहळू सवयच लागली. भाजीवाल्याशी बोलतानाही माझी हनुवटी पुढे यायला लागली. तो बिचारा घासाघीस न करता भाव कमी करायचा.

चेहऱ्यावर मात्र काही नाही. क्रीमला वास सुंदर होता, गाल मऊ लागायचे, पण मऊ ते साध्या व्हॅसलिननेही लागतात. कामाच्या टेबलावर माझं दिव्याचं मोठं भिंग असतं. जेवणाच्या सुट्टीत मी छोटा आरसा धरून त्यात गाल पाहिला. भिंगाने सगळं मोठं दिसतं, फक्त आशा सोडून. जी रेघ जिथे होती ती तिथेच होती. मी मनातल्या मनात तो गाल पिवळ्या ट्रेत ठेवला आणि दिवस ढकलत राहिले.

आणि मग गेटवरच्या मशीनने माझी बाजू घेतली.

आमच्याकडे हजेरीला चेहरा ओळखणारं मशीन बसवलं आहे. समोर उभं राहायचं, ते तुमच्याकडे बघतं, आणि एका बाईच्या आवाजात 'थँक यू' म्हणतं. ओळख पटली नाही तर 'प्लीज ट्राय अगेन'. माझं आजवर एका फटक्यात थँक यू व्हायचं. एके सकाळी ती बाई म्हणाली, प्लीज ट्राय अगेन. मी पुन्हा उभी राहिले. पुन्हा तेच. मागे रांग खोळंबली.

गेटवरचा सिक्युरिटीवाला पेठ तालुक्याकडचा आहे, बोलण्यात फार मोकळा. तो खुर्चीवरून उठून आला, माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तुम्हाला वळखत नाय. लय बदलल्या का काय तुम्ही?"

अहो, त्या माणसाला मी त्या क्षणी मिठाईचं दुकान घेऊन दिलं असतं.

त्याने माझी हजेरी हाताने लिहून घेतली आणि मी आत गेले ती एखाद्या महाराणीसारखी. दुसऱ्या दिवशीही मशीनने ओळखलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लाइनवरच्या पोरी गोळा झाल्या. मावशी, काय लावता ते सांगा, असं त्यांनी विचारलं, आणि मी लगेच सांगणाऱ्यातली नव्हे. आधी उसासा टाकला, मग पदराने हलकेच गाल टिपला, मग म्हणाले की लेकीने पाठवलंय, मला त्यातलं काही कळत नाही. रविवारी विहारात वंदनेला गेले तेव्हा ही बातमी माझ्या आधी पोचलेली होती. एक वयस्कर बाई माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या की चेहरा तोच दिसतोय, पण मशीन म्हणतंय तर असेल. हे मात्र आवाज खाली आणून म्हणाल्या, मशीनचा मान राखून.

मी मुलीला फोन केला. तिला आनंद झाला तो सांगता येणार नाही. माणसं भिडेखातर खोटं बोलतील, मशीन कशाला बोलेल, हा तिचा मुद्दा होता, आणि टेस्टरच्या तोंडी तो शोभत होता. तिने त्याच कॉलवर पुढची डबी निवडली, शिवाय डोळ्यांखालचं वेगळं क्रीम, शिवाय मानेसाठी वेगळं. तिच्या नव्या पगाराचा मोठा घास होता तो. "तू फक्त पास म्हण, की मी ऑर्डर टाकते," ती म्हणाली. मी म्हणाले की अधिकृत निकाल पुढच्या रविवारी. नाटकाचा पडदा लगेच उघडत नसतो.

तो आठवडा मी अशी वावरले की आमचे हेसुद्धा टायर विसरले.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. टाकी भरायची पाळी कोणाची, यावरून घरात आमची जुंपली. क्रीम लावलं, पण आरसा बघायला वेळ नव्हता. मी गेटवर पोचले ती धुसफुसत, मान खाली, चष्मा नाकावर, ह्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर मनात जुळवत. मशीनसमोरून जाता जाता नजर वर गेली, आणि ती बाई पटकन म्हणाली, थँक यू.

इतका अपमान माझा कोणत्याही आभाराने झालेला नाही.

मी जागीच थांबले. तुकडा गेजमध्ये बसत नसेल तर आम्ही लगेच तुकड्याला नावं ठेवत नाही. आधी बघतो की तो तिरका तर धरलेला नाही ना. तपासणीला नव्याने लागलेल्या पोरींना हे मीच तर शिकवते. मी मागे सरकले, मान वर केली, हनुवटी पुढे. प्लीज ट्राय अगेन. मान खाली, चष्मा नाकावर. थँक यू. पुन्हा वर. ट्राय अगेन. पुन्हा खाली. थँक यू. रांगेतून आवाज आला, "मावशी, तिला किती वेळा नमस्कार करताय?"

मशीन बसवलं त्या दिवशी माझा चेहरा नोंदवताना मी रोजच्यासारखी वाकून, चष्म्याच्या वरून बघत उभी होते. मशीनला माझी तीच ओळख माहीत होती. दुसऱ्या सकाळी मी क्रीम न लावता गेले आणि मान वर करून उभी राहिले. ट्राय अगेन. गालांचा यात काही संबंधच नव्हता.

रविवार आला. मुलीने फोन उचलताच विचारलं, "बोला इन्स्पेक्टर बाई. निकाल?"

मी सांगितलं की मशीनचा पुरावा बाद, आणि का बाद ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने टेस्टरसारखा प्रश्न विचारला, क्रीम न लावता मान वर करून पाहिलंस का? पाहिलं, म्हणाले. भिंगाखाली? तेही पाहिलं. यानंतर तिचा आवाज लहान झाला, शाळेतून यायची तेव्हासारखा.

"म्हणजे नापास. पहिल्या पगाराचं होतं गं आई."

मी म्हणाले, "ऐक. लाल आणि हिरव्याच्या मध्ये आमच्याकडे अजून एक प्रकार असतो. माल नकाशाप्रमाणे नसतो, पण त्याने काम अडत नाही, उलट कुठेतरी उपयोगी पडतो. मग कारण लिहून, सही घेऊन तेवढाच लॉट सोडतात. डेव्हिएशनवर पास. ही डबी मी शेवटच्या चमच्यापर्यंत वापरणार. पुन्हा ऑर्डर नाही."

"आणि कारण काय लिहिणार?"

"गालावर परिणाम नाही. मान सरळ झाली."

ती म्हणाली, "मान क्रीमने नाही झाली सरळ. मी ओरडले म्हणून झाली."

"मग तुझं नाव लिहिते."

"लिही," ती म्हणाली, "आणि हेही लिही की ओरडणं फुकट होतं."

पलीकडे ती हसायला लागली. तिने माझ्यासमोर तिन्ही वस्तू ऑर्डरच्या यादीतून काढून टाकल्या आणि वर मला बजावलं की माझी चाचणी एकाच चेहऱ्यावर झालेली आहे, तेव्हा जगातली सगळी महाग क्रीमं मी निकालात काढू नयेत. बरोबर आहे तिचं. डाग असतील, खाज असेल, खरा त्रास असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, गंगापूर रोडला तर हव्या तेवढ्या पाट्या आहेत. माझ्यासारख्या धडधाकट गालाला त्या जाड काचेची गरज नव्हती, एवढंच मी माझ्या सहीनिशी सांगू शकते. नकार ऐकून रुसली नाही, उलट माझ्या तपासणीतली त्रुटी काढली, अशी पोर मी वाढवली आहे, हेही त्याच सहीत धरा.

सोमवारी मला ऑफिसात बोलावणं आलं. हाताने लिहिलेल्या हजेऱ्या फार झाल्या होत्या. हजेरी बघणारा तरुण साहेब चांगला होता. त्याने अगदी मऊपणे सुचवलं की मॅडम, मशीनसमोर थोडं खाली बघितलंत की झालं, दोन सेकंदांचं काम.

मी म्हणाले, "नाही साहेब. चेहरा नव्याने नोंदवा."

त्याने जुना चेहरा काढून टाकला. मी मशीनसमोर उभी राहिले, चष्मा वर ढकलला, गळ्यापासून कपाळापर्यंत सरळ झाले. सिक्युरिटीवाल्याने बाजूच्या चार जणांना दूर केलं, जणू फोटोच काढायचा होता. मशीनने बराच वेळ बघून घेतलं आणि मला नव्याने मान्य केलं.

आता पंचाईत ही झाली आहे की मला रोज तसंच यावं लागतं. पाणी येवो न येवो, भांडण होवो, कंबर धरो, वाकून गेले की ती बाई दारातच अडवते. गेल्या आठवड्यात तर ह्यांच्याशी कडाक्याचं वाजलं होतं, मी पाय आपटत गेटवर गेले आणि तिने मला दोनदा परत फिरवलं. तिसऱ्यांदा मी थांबले, श्वास घेतला, मान वर केली. मागची पोरगी म्हणाली की मावशी, चहा गार होतोय. मी तिला म्हणाले, होऊ दे, आणि आत गेले.