आवाजावरून गोल

झारा कढईवर तसाच अधांतरी धरायचा, मान एका बाजूला कलती करायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "गप्प. आवाज ऐक." हे रूप ज्यानं पाहिलं नाही त्यानं काकू पाहिल्याच नाहीत, असं मी खुशाल म्हणेन. हॉलमध्ये टीव्हीवर मॅच चालू असायची, आम्ही सोफ्यावर पाय घेऊन बसलेलो असायचो, आणि घरात फुटबॉल कळणारी एकुलती एक व्यक्ती स्वयंपाकघरात भजी तळत असायची. टीव्हीचा आवाज वाढला की झारा थांबायचा. "गेला गोल," काकू आतूनच सांगायच्या आणि घाणा उतरवायच्या. ओरडणं नाही, टाळी नाही, बाहेर येऊन डोकावणंसुद्धा नाही.

मी सिडनीत ब्लॅकटाउनला काकूंच्या घरामागच्या अंगणातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायला आलो तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होतो. ग्रॅनी फ्लॅट हे नाव मोठं. एक खोली, एक मोरी आणि खिडकीतून दिसणारी काकूंची वाळत घातलेली पातळं, एवढाच तो कारभार. पुढे पॅरामॅटाला नोकरी लागली, मी दुसरीकडे राहायला गेलो, पण रविवारी पाय आपोआप तिकडे वळायचे. काकूंचं मटण हे त्याचं कारण. खोटं कशाला बोलू.

काकू कोल्हापूरच्या, आणि त्यातही पेठेतल्या. तुम्ही तिकडचे असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर ऐका: त्या गावात फुटबॉल हा खेळ नाही, घरचं कार्य आहे. प्रत्येक तालमीची टीम, प्रत्येक टीमचा रंग, आणि सोयरीक जुळवताना आधी तालीम विचारणारी माणसं. काकूंचे वडील खेळले, तीन भाऊ खेळले. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि काकूंनी त्या मैदानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या घरच्या बायका मॅचला जात नसत. भाऊ खेळायला गेले की या दोघी मायलेकी चुलीपाशी. टीम जिंकली तर अख्खी टीम रस्सा ओरपायला घरी यायची, हरली तर फक्त घरचे आणि तेही तोंड पाडून. मग मटण किती टाकायचं हे कळायला नको? म्हणून काकूंनी कान तयार केला होता.

"आपला गोल झाला की आवाज वर जातोय आणि खाली येतच नाही बघ," त्या समजावून सांगायच्या. "त्यांचा झाला की आधी आपला आवाज तुटतोय." एकदा लहानपणी आपला गोल ओळखून त्या अंगणात मोठ्यानं ओरडल्या होत्या. त्यांची आजी आतून आली आणि म्हणाली, पोरीच्या जातीनं एवढा गळा काढू नये. बस्स, त्या दिवसापासून ओरडणं बंद. हे सगळं काकू तक्रारीच्या सुरात सांगत नसत, आज थंडी आहे म्हणावं तसं सांगायच्या. मला मात्र दर वेळी त्या आजीचा राग यायचा.

काका डोंबिवलीचे. इथल्या रेल्वेत वेळापत्रकं बसवण्याच्या कामावरून निवृत्त झालेले, क्रिकेटवाले. नव्वद मिनिटं धावून शून्य-शून्य होणाऱ्या खेळाला ते व्यायाम म्हणायचे. काकू पूर्वी एका चाइल्डकेअरच्या स्वयंपाकघरात होत्या आणि तिथली गोरी पोरंही त्यांनी वरणभातावर वाढवली. दोघांचं चांगलं चाललं होतं. म्हणजे दिवसातून दोनदा वाजायचं, पण जेवणाच्या वेळा सांभाळून.

आणि मग गेल्या वर्षी एका रविवारी काकू मॅच चालू असताना गॅस बंद करून हॉलमध्ये आल्या. ही घटनाच एवढी मोठी होती की प्रसादनं टीव्ही म्यूट केला. प्रसाद हा माझा नागपूरचा मित्र, माझ्यासारखाच मटणाला चिकटलेला. काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "पुढच्या वर्ल्ड कपला मी मेक्सिकोला जातो."

कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेव्हा त्यात आम्हाला काही वाटलं नाही. मेक्सिकोचं वाटलं. काका म्हणाले, टीव्ही इथे आहे. मी म्हणालो, काकू, मॅचच बघायची तर सिडनीत दाखवतो की. आणि खरंच पुढच्या शनिवारी त्यांना एका स्टेडियमवर घेऊन गेलो. मॅच निघाली रग्बीची, लंबगोल चेंडूची. काकूंनी शालीतून हात बाहेर न काढता पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हातात घेऊन पळत्यात, त्याला फुटबॉल म्हणायला लाज कशी वाटत नाही रे यांना?"

बरं, मेक्सिकोच का? मॅच तर अमेरिकेतही होणार होत्या. तर काकूंचा अभ्यास पक्का होता: तिथली माणसं मक्याची भाकरी करतात, मिरचीला भीत नाहीत आणि मॅचला घसा फुटेस्तोवर ओरडतात. म्हणजे आपलीच. आणि मग काकांकडे न बघता, खाली कार्पेटकडे बघत त्या म्हणाल्या, "जन्मभर बाहेरनं ऐकला. मला एकदा त्या आवाजात बसायचंय."

प्रसादनं टीव्ही म्यूटच ठेवला.

झालं. दर रविवारी गॅरेजमध्ये सहलीच्या बैठका सुरू झाल्या. मराठी माणसाच्या सहलीचा आराखडा तुम्हाला ठाऊक आहे. जायचं कुठे हे नंतर, खायचं काय हे आधी. पहिल्या तीन बैठका शेंगदाण्याची चटणी की जवसाची यावर गेल्या. चौथीला कळलं की आपण अजून मॅचचं तिकीट काढलेलं नाही. मग प्रसादनं दिवसेंदिवस कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून तीन तिकिटं मिळवली. शहर मॉन्टेरे, कारण तिथली मिळाली. काकांना आम्ही विचारलं, तर म्हणाले, एवढ्या लांब विमानात बसून माझी पाठ मोडेल आणि वर बघायचा व्यायाम.

गंमत अशी की तिकीट काढताना कुठले देश खेळणार हेच ठरलेलं नव्हतं. काका गॅरेजच्या टोकाला शब्दकोडं सोडवत बसायचे, त्यांनी मान वर न करता शेरा मारला, "म्हणजे मुलगा न बघता हॉल बुक केलात."

"आपलं तसंच झालंय," काकू म्हणाल्या. "चाललंय की."

यथावकाश देश ठरले. एक आशियातला, एक आफ्रिकेतला. ना ब्राझील, ना अर्जेंटिना. माझं आणि प्रसादचं तोंड एवढंसं झालं. काकूंनी मात्र एकच गोष्ट विचारली, निळी जर्सी कुणाची? आशियातल्या देशाची निघाली. काकूंच्या माहेरच्या तालमीचा रंगही निळा. "मग ते आपले," काकू म्हणाल्या आणि विषय संपला. तो देश नकाशावर कुठे आहे हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधलं. निष्ठा आधी, भूगोल नंतर. नाद खुळा म्हणतात तो हा.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आमचं मराठी कॅलेंडर, त्यावर काकूंनी मॅचच्या रविवारी कुंकवानं गोल केला. एका बाजूला एकादशी, दुसऱ्या बाजूला मॅच. प्रसादनं त्या गोलावरून विमानं काढली, मी त्या गोलावरून हॉटेल. सगळं कसं छान जुळलं होतं.

आणि एका रविवारी काका शब्दकोडं बाजूला ठेवून आमच्या टेबलाशी येऊन बसले. विमानाच्या वेळा दाखवा म्हणाले. आम्हाला वाटलं, विरघळले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी नेला, मग स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर बघून आले, आणि शांतपणे म्हणाले की तुमचं विमान मॅच संपल्यावर उतरतंय.

अरे देवा. आमची रविवार दुपार म्हणजे त्यांची शनिवार रात्र! वर्षानुवर्षं आम्ही जगातल्या सगळ्या मॅच सिडनीच्या घड्याळावर बघितलेल्या, कधी पहाटे, कधी कामावर लपून. खेळणाऱ्यांच्या गावातही काही वार असतो, हे आम्हा दोघा पदवीधरांच्या डोक्यात आलंच नाही. आम्ही शनिवारची मॅच बघायला रविवारी पोचणारी वरात होतो.

विमानं बदलली. पण नव्या तारखा आल्या आणि वरात पांगली. प्रसादची बायको बाळंत व्हायची होती; आधीच्या तारखांना तिची आई भारतातून येऊन थांबणार होती, नव्या तारखांना ती पोचत नव्हती. मला ऑफिसनं रजा नाकारली, नवी सिस्टिम नेमकी त्याच आठवड्यात सुरू होणार होती. राहिल्या एकट्या काकू. साठी उलटलेली, इंग्रजी कामापुरतं, स्पॅनिश शून्य. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना समजावलं. मी तर म्हणालो, काकू, आपण मोठा टीव्ही आणू, भिंतभर.

काकू उठून आत गेल्या. पण त्या रविवारी भजी झाली नाहीत. मटणही नाही. आम्हाला टोस्ट मिळाला, वर बटर आपापलं लावून घ्या. स्वयंपाकघरात काकू ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या, आणि मला आतून फार वाईट वाटलं, कारण ती मान आज कुठल्याच बाजूला कलती नव्हती.

टोस्टचा दुसरा रविवार उजाडला तेव्हा काकाच बोलले. "ती जाईल," ते म्हणाले. "लॉस एंजेलिसला विमान बदलायला वेळ भरपूर आहे, मी बघितलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर पोचवल्या मी. हिला पोचवता येणार नाही मला?"

काकू आतून ऐकत होत्या. थोड्या वेळानं कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. प्रसादनं माझ्याकडे बघून हळूच हात जोडले.

पुढचं सोपं होतं. मराठी माणूस जगात कुठेही सापडतो, फक्त शोधताना नात्याची लाज बाळगायची नसते. माझ्या मावसबहिणीच्या नणंदेच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचं इस्लामपूरचं एक जोडपं मॉन्टेरेत निघालं, दोघंही कॉम्प्युटरमधली. काकू त्यांच्याकडेच उतरणार असं ठरलं, आणि बाईनं तर स्टेडियमपर्यंत सोबत करायचं कबूल केलं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, कांदा-लसूण मसाला आणाल का? काकूंनी बॅगेतून स्वेटर काढला आणि मसाला भरला.

एअरपोर्टवर काकू निळी साडी, निळं जॅकेट आणि पांढरे बूट अशा थाटात आल्या. काकांनी त्यांना कुठल्या गेटला किती चालायचं, कुठे पाणी प्यायचं, कुठे अजिबात झोपायचं नाही हे सगळं दोनदा सांगितलं. काकूंनी ऐकल्यासारखं केलं. "येतो," म्हणाल्या आणि वळून न बघता आत गेल्या. काका बराच वेळ त्या दाराकडे बघत उभे राहिले. मी चला म्हणालो तर म्हणाले, थांब, बॅग परत पाठवतील, त्यात मसाला आहे.

बॅग काही परत आली नाही.

मॅचच्या रविवारी दुपारी मी ब्लॅकटाउनला गेलो. प्रसादला मुलगी झाली होती, त्यामुळे तो नव्हता. कडाक्याची थंडी. दार उघडंच होतं, टीव्ही लावलेला, आणि हॉलमध्ये कुणी नाही. आत काका ऊब म्हणून काकूंचाच एप्रन अंगावर चढवून भजी तळत होते. पहिला घाणा काळा, दुसरा कच्चा. मी हसलो तर म्हणाले, हसू नकोस, कांदा चीर.

दुसऱ्या हाफला फोन वाजला. काकांनी तो ओट्यावर स्पीकरला टाकला. आधी नुसता गोंगाट, मग त्यात कुठूनतरी लांबून काकू. "ऐकू येतंय काय?"

"येतंय," काका म्हणाले.

"काय करताय?"

"भजी."

"गॅस बारीक करा."

काकांनी निमूट गॅस बारीक केला. मी टीव्ही दिसावा म्हणून दारात येऊन उभा राहिलो. टीव्हीवर चेंडू मैदानाच्या मधोमध होता, निळे-पांढरे उगाच इकडून तिकडे पास देत होते. आणि अचानक फोनमधून आवाज उठला. टीव्हीचं चित्र आपल्याकडे नेहमीच मागून येतं; इथे अजून काहीच घडलं नव्हतं, आणि ओट्यावरच्या त्या एवढ्याशा फोनमध्ये अख्खं स्टेडियम उसळलं होतं. आवाज वर गेला आणि खाली येईना. मी विचारलं, कुणाचा झाला?

काकांनी झारा कढईवर तसाच धरला. मान एका बाजूला कलती केली. डोळे मिटले. "गप्प. आवाज ऐक."

मी ऐकलं. मला नुसता कल्लोळ ऐकू येत होता.

"आपला," काका म्हणाले.

"कशावरून?"

"ती ओरडतेय."

आणि मग मलाही ऐकू आलं. त्या सगळ्या हजारो गळ्यांच्या आत एक कोल्हापुरी गळा, पार फाटलेला, थांबायचं नाव न घेणारा. काकांचे डोळे मिटलेलेच होते. कढईतला घाणा करपत होता आणि टीव्हीवर तो गोल अजून व्हायचा होता.