तिसगावला पंचेचाळीस मिनिटं

बर्फ मी आयुष्यात फ्रीजमध्ये पाहिला तेवढाच. तरी ऑस्ट्रियातल्या एका डोंगरावर सकाळी नऊला कुठल्या उतारावर ऊन असतं आणि दुपारी दोननंतर कुठला उतार लापशीसारखा मऊ होतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. लेकीपायी शिकले. एकुलती एक लेक. ती नोकरीसाठी तिकडे गेली, मागून तिचे वडील देवाघरी गेले, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, की ही परत आली पाहिजे.

माणसं जायची मला सवय नाही असं नाही. मी मूळची पाथर्डी तालुक्यातली. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. माझे आईबापही जायचे, मला मामाकडे टाकून. पण कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की माणसं परत यायची. उन्हाळा लागला की मी वाट बघायला लागायचे आणि ती यायचीच. लेकीच्या जाण्याला असा हंगाम नव्हता. शेजारीण विचारायची, "कधी येतीय लेक? लई दिस झालं की." मी म्हणायचे, येईल.

माझी नोकरी नगरला लाल गाडीच्या डेपोत. आधी बारा वर्षं चौकशीच्या खिडकीत, नंतर निवृत्तीपर्यंत वेळापत्रक बसवायला. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटेल, कुठे किती थांबेल, चालक-वाहकाची जेवणं कुठे होतील, मुक्कामी गाडी कुठल्या गावात झोपेल, हे सगळं कागदावर पेन्सिलीनं बसवायचं. एक गाडी दहा मिनिटं जास्त थांबली की पुढच्या चार गाड्यांचे बारा वाजतात. त्यामुळे माझा स्वभाव तसा झाला म्हणा, की मुळात तसा होता म्हणून ते काम मला मिळालं म्हणा. घरातही मी घड्याळ लावूनच बोलायचे. यजमान म्हणायचे, "हिच्या हाताखाली जेवायचं म्हणजे घास मोजून मिळतो." मी म्हणायचे, मग वेळेवर बसा.

लेक तिकडे स्कीइंग शिकली. पायाला दोन लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत खाली यायचं. वर जायला तारेवरचे पाळणे आणि खुर्च्या. पहिले दोन हिवाळे नुसती आपटली. तिसऱ्या हिवाळ्यात मधल्या इयत्तेत आली. तिथं उतारांना रंग असतात, निळा सोप्यांचा, लाल मधल्यांचा, काळा जिवावर उदार झालेल्यांचा. माझी लेक लालमधली. ना धड नवखी, ना धड पटाईत. आणि सगळ्यात जास्त घोळ मधलेच घालतात, हे मी तुम्हाला डेपोच्या अनुभवावरून सांगते. नवखा घाबरून हळू जातो, जुना सांभाळून जातो, दोन वर्षं झालेला चालक तेवढा गाडी ठोकतो.

एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, तू एवढ्या गाड्या बसवल्यास. मला एक दिवस बसवून दे ना. आम्ही कुठेही भरकटतो आणि शेवटी टॅक्सीनं घरी येतो."

तिनं नकाशा पाठवला. मी झेरॉक्सच्या दुकानातून तो मोठा करून आणला, दोन कागद चिकटवून जेवणाच्या टेबलावर पसरला. झेरॉक्सवाला म्हणाला, "काकू, कुठली पाइपलाइन हाय ही?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, पैसे घे.

त्या जागांची नावं माझ्या तोंडात बसेनात. मग मी आपली नावं दिली. पायथ्याचा पहिला पाळणा म्हणजे नगर स्टँड. त्याच्या वरचा टप्पा भिंगार. दोन खोऱ्यांच्या मधली उंच धार म्हणजे करंजी घाट. धार ओलांडली की एका लाकडी खानावळीपाशी लाल उतार संपायचा, ते तिसगाव; तिथूनही एक खुर्ची परत घाटावर जायची. आणि पलीकडच्या खोऱ्याचा तळ म्हणजे पाथर्डी. तिथून पाळण्यानं परत घाटावर आणि घाटावरून घसरत नगर. झाली फेरी पूर्ण. लेक पोट धरून हसली. पण तिनंही तीच नावं उचलली.

दर रविवारी दुपारी, जेवण झालं की, आमची बैठक. तिच्याकडे तेव्हा सकाळ. मी पेन्सिल घेऊन प्रश्न विचारायचे. पहाटे बर्फ कडक असतो का? असतो. मग पहिली अर्धी घसरण निळ्यावर, अंग मोकळं करायला. दहाला शिकवणीची पोरं खालच्या खुर्चीवर गर्दी करतात? मग आपण त्याआधी घाटावर. गुडघे कधी बोलायला लागतात? तिसऱ्या तासाला. मग अवघड लाल उतार त्याच्या आत उरकायचा. खानावळ साडेबाराला भरते? मग आपण पावणेबाराला ताटावर. आणि पाथर्डीचा शेवटचा पाळणा चारला. तो चुकला तर खोऱ्याला वळसा घालून टॅक्सीनं दीड तास. मी म्हटलं, "मिनिटभर थांबेल की." आमच्याकडे मुक्कामी गाडी ओळखीच्या माणसासाठी थांबायची. लेक म्हणाली, "आई, तो पाळणा कुणाच्या बापासाठी थांबत नाही." मग मी साडेतीनलाच तिला तिथून उचललं.

त्या हिवाळ्यात मी तिला असे पाच दिवस बसवून दिले. एकदाही टॅक्सी करावी लागली नाही. यजमान गेल्यावर मी इतकी सुखात कधी नव्हते, हे आज कबूल करते.

पुढच्या दिवाळीत ती आली आणि तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "आई, एक जण आहे." तिकडचाच. एक लग्न मोडलेला. मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. त्याची जात, धर्म, मोडलेलं लग्न, हे सगळं मी तोंडानं बोलले, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण एवढंच की लग्न झालं की ही कायमची तिकडची. मी म्हटलं, "माझ्याशी बोलायचं असेल तर त्याचा विषय काढायचा नाही. काढलास तर फोन ठेवीन." ती घड्या घालत राहिली. माझा शब्द तिनं पाळला. तिला लहानपणापासून पाळायची सवयच आहे.

गेल्या माघात तिचा फोन आला. म्हणाली, "आई, एक दिवस बसवून दे. शनिवारचा. पूर्ण फेरी." आवाज जरा निराळा होता. मला वाटलं सर्दी आहे. मी नकाशा काढला.

"यावेळी तिसगावला दोन तास दे," ती म्हणाली.

"दोन तास? काय पंगत बसवायचीय का तिथं?"

ती हसली आणि मग म्हणाली, "बसली तर?"

मी थट्टाच समजले. सांगितलं, की दोन तास थांबलीस तर पुढचं सगळं कोसळतं. पायही आखडतात. बसलेलं माणूस उठून पुढच्या उतारावर गेलं की पहिल्या वळणाला पडतं.

"मग पाथर्डीपर्यंत नाही गेलो तर चालेल का? तिसगावहूनच मागे फिरलो तर?"

इथं माझं डोकं फिरलं. आमच्या धंद्यात फेरी मधूनच मागे फिरवणं याइतकं लाजिरवाणं काही नाही. पुढच्या थांब्यावर माणसं ऊन खात बसलेली असतात आणि गाडी अलीकडून वळते. मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत असली फेरी कागदावर कधी मांडली नाही. आणि त्यात पाथर्डीच गाळायची म्हणते. मी म्हटलं, "फिरव तुझी तू. माझ्या हातून अर्धी फेरी लिहून होणार नाही."

"आई, ऐक ना. मला तिथं तुला काहीतरी—"

"जेवायला पंचेचाळीस मिनिटं खूप झाली. पावणेबारा ते साडेबारा. आणि 'फिरलो' कोण? कोण कोण आहे सोबत?"

ती म्हणाली, "तू विषय काढू नको म्हणालीस ना."

मी फोन ठेवला. संध्याकाळी वेळापत्रक एका कागदावर नीट उतरवून त्याचा फोटो तिला पाठवला. एका माणसाचं. वर मुद्दाम लिहिलं, प्रवासी संख्या एक.

शनिवारी मी तो कागद समोर ठेवून बसले, दर वेळी बसायचे तशीच. तिच्या वेळेत आपले साडेचार तास मिळवायचे आणि बघायचं. आता भिंगार. आता करंजी घाट. सव्वाचारला चहा टाकला, म्हणजे ती तिसगावला पोचली. पाच वाजले तशी मी घड्याळाकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "उठा आता, झालं जेवण." घरात कुणी नव्हतं. रागही गेला होता. ती पाथर्डीकडे उतरत असेल त्या वेळेला मी देवापुढे दिवा लावला.

रविवारी आमच्या वेळेला फोन आला नाही. संध्याकाळी फोटो आला. लाकडी खानावळ, मागे धार. लेक त्याच जाड जाकिटात, पायात तेच बोजड बूट, आणि कपाळावर मुंडावळ्या. दिवाळीत आली तेव्हा कापडबाजारातून आणल्या असणार, माझ्या नाकाखालून. शेजारी तो. उंच, दाढीवाला, आणि त्याच्याही कपाळावर मुंडावळ्या वाकड्या बांधलेल्या. लग्न लावायला नोंदणी कचेरीतली बाई पाळण्यानं वर आली होती. चारसहा मित्रमंडळी. माझ्या लेकीचं लग्न तिसगावला झालं आणि मी नगरला बसून तिला उठा म्हणत होते.

मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. शिव्याच घालणार होते. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू लिहिलंस तसंच गेलो. पाथर्डीपर्यंत. तीन पस्तीसला पाळण्यात होतो."

मी म्हटलं, "तुला माझं वेळापत्रक कशाला हवं होतं? तो नाही का तिकडचा?"

"तो त्याच गावात जन्मलाय, आई. डोळे बांधून सोडला तरी घरी येईल." मग म्हणाली, "लग्नात तुझ्या हातचं काहीतरी असावं, असं मला वाटत होतं. दुसरं काय मागणार होते तुझ्याकडे?"

त्याचं गाव कोणतं, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. इतके महिने ज्या डोंगरावर पेन्सिल फिरवत होते, तो त्याच्या घरचा डोंगर होता.

मी विचारलं, "आणि ते दोन तास?"

तिला रडू आलं. लग्नाला अर्धा तास पुरणार होता, ती म्हणाली. बाकीचा वेळ माझ्यासाठी होता. तिथं फोनला रेंज चांगली असते. आधी मला फोन लावायचा, खानावळ दाखवायची, हळूहळू सांगायचं, मी चिडणार, ठेवणार, परत लावायचा, परत ठेवणार, आणि दीड तासात केव्हातरी मी ऐकेन, मग मला फोनवर समोर बसवून लग्न लावायचं, असा तिनं हिशोब केला होता. माझ्या रागाला किती वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत? "पंचेचाळीस मिनिटांत ते झालं नसतं, आई. आणि तू लिहिलेलं मोडायचं माझ्या जिवावर आलं."

मी तिला आशीर्वाद दिला. त्यालाही दिला. तो फोनवर आला आणि "आई" म्हणाला, पाठ केल्यासारखं, पण नीट म्हणाला. मी नुसतं हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर टेबलाशी बसून ओक्साबोक्शी रडले. चुकलं माझं. फार चुकलं. आणि खोडून सुधारायला ते पेन्सिलीचं लिखाण नव्हतं.

तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. न चुकता. सातआठ मिनिटं. माझा गुडघा, तिचं ऑफिस, इकडचं ऊन, तिकडचा गारठा. भांडत नाही. टोमणा मारत नाही. पूर्वी माझ्या तोंडाला तोंड द्यायची, आता प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणते. परवा मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "दोघं या की आता. मी त्याला पुरणपोळी करून घालते. राहा महिनाभर, काही घाई नाही." ती म्हणाली, "येऊ की."

चौकशीच्या खिडकीत होते तेव्हा एखादी फेरी रद्द झाली की आम्हाला ते आधी कळायचं. प्रवासी लहान पोर कडेवर घेऊन विचारायचे, बाई, गाडी येईल ना? एवढ्या उन्हात त्यांना खरं सांगायला जीभ रेटायची नाही. आम्ही म्हणायचो, "येईल, बसा." बारा वर्षं मी तो आवाज काढला आहे. गोड, शांत, समोरच्याकडे न बघता. तिनं "येऊ की" म्हटलं ते त्याच आवाजात. मला तो ओळखू येणार नाही, असं तिला वाटलं असेल. मी म्हटलं, बरं.