दोन भोवऱ्यांचं बाळ

बाळांच्या डोक्यात सुया टोचणं हा माझा उद्योग आहे. हे मी परतूरच्या आमच्या गल्लीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारीण विरजण न घेताच घरी गेली. तिचंही फार चुकलं असं म्हणणार नाही. तिला दिसलं होतं ते असं: माझ्या मांडीवर नुसतं मुंडकं, अर्धं टकलं, अर्धं केसाळ, आणि मी चष्मा लावून त्याच्या टाळूत सुई मारतेय. पुढचे आठ दिवस गल्लीत कुणाचं मूल रडलं तरी आया आधी माझ्या खिडकीकडे बघायच्या.

ही बाळं म्हणजे बाहुल्या. अंग कापडाचं, हातपाय आणि डोकं मऊ प्लास्टिकचं. त्यावर रंगाचे पातळ हात देत देत गालाची लाली आणायची, पापण्यांवरच्या निळ्या शिरा काढायच्या. हे जमतं. जीव खातात ते केस. मोहेर नावाचे केस पुडीतून मागवावे लागतात, जावळासारखे मऊ. सुईच्या टोकाला बारीक काटे असतात, ते एका टोच्याला दोन-तीन केस आत ओढतात. एक डोकं भरायला महिना जातो. मग आतून गोंद लावायचा, की केस कायमचे बसले. नंतर उपटले तर कातडीला भोकं राहतात. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं भांडण त्यावरूनच झालं.

माझे बाबा हसनाबादकडचे. जन्मभर मेंढरं राखली, कातरली. मोहेरची पुडी मी कौतुकाने त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी चिमटीत चोळून, वास घेऊन सांगितलं की ही शेळी आहे. खरंच, मोहेर शेळीचेच असतात, परदेशातल्या एका लांब केसांच्या शेळीचे. शेळीचे केस लोक पोस्टाने मागवतात याचं त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मग त्यांनी माझं पहिलं बाहुलं उचललं आणि हसायचे थांबले. हे डोकं आहे का खराटा, असं विचारलं. मी केस ओळीने लावले होते, भाताच्या रोपांसारखे.

“केस भोवऱ्यातून निघत्यात, माय,” ते म्हणाले. “आधी भोवरा कुठं हाय ते बघ, मंग सुई घाल.”

व्हिडिओत बघून चार महिन्यांत जे कळलं नव्हतं, ते मला तिथे कळलं. तेव्हापासून मी भोवऱ्यापासून सुरू करते, आणि भोवऱ्यानेच मला गोत्यात आणलं.

वडीगोद्रीच्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात हल्ली लोक लाडूचे डोंगर आणि साखरेचे किल्ले मांडतात. हिला स्वतःलाच मांडायचं होतं. सहा महिन्यांची ती, हुबेहूब, आणि लग्नानंतर ते बाळ आईजवळ ठेवायचं, घर रिकामं वाटू नये म्हणून. तिने पाच फोटो पाठवले. त्यातला एक जावळ काढल्यावरचा: मामाच्या मांडीवर चकोट केलेलं डोकं, पाठ आपल्याकडे. त्या डोक्यावर दोन भोवरे स्पष्ट दिसत होते.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण फोटोत होते दोन, म्हणून मी लावले दोन. उलटसुलट फिरणारे केस एकमेकांना भिडतात तिथे एक छोटा तुरा उभा राहतो, तो बसवायला मला सहा दिवस लागले. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

बाळ न्यायला मुलीची आई आली. चेहरा बघून तिने पदर तोंडाला लावला. बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि मी मनातल्या मनात फुगत असतानाच तिचा हात डोक्याच्या मागे गेला. थोपटणं थांबलं. तिने बाळ पालथं केलं, बघितलं, आणि एक भोवरा काढून टाका म्हणाली.

मी तिला गोंदाचं सांगितलं, भोकांचं सांगितलं. नवीन डोकं करायला महिना लागेल आणि लग्न आठ दिवसांवर आहे, हेही सांगितलं. तिच्या कानात काही शिरत नव्हतं.

“पोर जन्मली तेव्हापासून मी त्यो झाकून राह्यले,” ती म्हणाली. “रोज तेल लावून, केस वळवून. बघायला आलेल्या बायांनी येणी सोडायला लावली, तरी दिसू दिला न्हाई. आन तुम्ही त्यो टेबलावर मांडून राह्यल्या. उद्या लगन मोडलं, तर?”

मला राग आला. कामाला नावं ठेवली म्हणून आला, आणि दुसऱ्याही कारणाने आला. मी अंबाडा सोडला आणि तिच्यासमोर मान खाली घातली.

“मोजा, काकू. एकच हाय. आन लगनं माझी दोन झाली.”

पहिल्या वेळी माझ्या आईने हाच एक भोवरा पाहुण्यांना कौतुकाने दाखवला होता. त्या घरात नवऱ्याचा हात उठायचा, आणि त्याच्या आईची जीभ हातापेक्षा जास्त चालायची. सात महिन्यांनी बाबा मेंढरं दुसऱ्यावर सोपवून आले आणि मला घेऊन गेले. वाटेत बसस्टँडवर दोन वेळा चहा पाजला. आताचा नवरा मोबाईल दुरुस्त करतो आणि फडताळातल्या मुंडक्यांसमोर बसून मुकाट जेवतो. एवढ्यावर मी त्याला सात जन्म द्यायला तयार आहे.

यातलं निम्मं मी तिला सांगितलं असेन. बाळ मांडीवर घेऊन तिने डावा अंगठा दुसऱ्या भोवऱ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने वरचे केस त्यावर वळवून दाबले. हात सवयीचा होता, बघावंही लागत नव्हतं. अंगठा काढल्याबरोबर तुरा पुन्हा उभा राहिला. तिने परत दाबला. परत उभा राहिला.

“पोरीचे बी असेच उठायचे,” ती म्हणाली.

ती बाळ घेऊन गेली. भोवऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही, म्हणजे तोडगा तिने मनातच काढला होता.

लग्नात रुखवताच्या टेबलावर बाळ होतं, आणि भर मे महिन्यात त्याच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं होतं, हनुवटीखाली घट्ट गाठ मारलेलं. माझी महिनाभराची मेहनत टोपड्यात. मी चकलीच्या तोरणाआडून बघत चडफडत उभी होते. तेवढ्यात नवरी आली, हातभर चुडा वाजवत. बाळाला उकडत असेल म्हणाली, गाठ सोडली, टोपडं आईच्या हातात दिलं आणि गौरीहराकडे निघून गेली. मागून नवरदेवाची आत्या आली. अशा बाया वस्तू नुसत्या बघत नाहीत. तिने बाळ उचललं, डोक्यावरून हात फिरवला, हात मागे थांबला. तिने मुलीच्या आईकडे बघितलं.

मला वाटलं, आता ही काकू माझ्यावर ढकलणार. करणारणीची चूक म्हणणार. मी तयारीत होते, चूक माझीच म्हणायच्या. इतकी मी तेव्हा मऊ झाले होते.

“दोन हाइत,” आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण आला. “पोरीला बी दोनच हाइत. जावळाच्या दिवशीच दिसले.”

आत्याने बाळाकडे बघितलं, मग लांब बसलेल्या नवरीच्या मुंडावळ्यांकडे. केस कशाचे आहेत, असं तिने विचारलं. शेळीचे, मी म्हणाले. तिने बाळ लगेच खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली म्हणून ती अक्षता घ्यायला गेली.

आई टेबलाजवळच उभी राहिली. पंख्याच्या वाऱ्याने बाळाचा तुरा हलत होता. दोनदा तिचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. टोपडं तिच्या दुसऱ्या मुठीत होतं, आणि अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा तिने ते कमरेला खोचून टाकलं.