मुशीत वितळलेली डबी

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. भूतखेत, करणी, चकवा — माझा कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही. माझा धंदा मोटारदुरुस्तीचा. बिघाड झाला म्हणजे कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत एकेक बोल्ट सोडत जायचं, एवढं मला कळतं. पण एका बिघाडाचं कारण मला अजून सापडलेलं नाही... म्हणून लिहितो.

तेव्हा मी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होतो, बीड जिल्ह्यात, चौसाळ्याला. तिथल्या एका जमीनदारांची — सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत — चौसाळा ते बीड उतारूंची सर्व्हिस व्हॅन चालायची. चालवायचा इब्राहिम, दुरुस्ती माझ्याकडे.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाडी सारखी उकळू लागली. पंप, पट्टा, रेडिएटर, नळ्या — सगळं क्रमानं तपासलं. दोष निघाला थर्मोस्टॅटमध्ये. इंजिनाच्या माथ्यावर, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी पितळेची एक डबी असते. इंजिन गार असेपर्यंत ती पाण्याची वाट अडवते आणि पाणी तापलं की आपोआप उघडते. आमची डबी घरी पातेल्यात उकळून पाहिली. उघडलीच नाही.

“काढून फेका की मिस्त्री,” इब्राहिम म्हणाला. “आपल्या मुलखात कुटं बरफ पडतो?”

“तिच्यावाचून इंजिन धड तापत नाही. तेल खातं.”

“गाडीला बी तुमच्यावानी टायमावर तापाया लागतं व्हय?”

मी नवी मागवली. मुंबईहून नगरमार्गे आली, करोडगिरी नाक्यावर जकात भरून. सगळ्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. तीही त्याच पातेल्यात टाकली. पाणी तापलं तशी सावकाश उघडली. बायको पाहत होती. म्हणाली, “माशानं तोंड उघडल्यावानी करतंय बगा.” मग इंजिनावरची डबीची बैठक घासून साफ केली, डबी बसवली, कागदाचं नवं पॅकिंग कापून चिकटवलं, झाकण आवळलं. शेजारी कोणी नव्हतं. अशा कामाला कोण कशाला उभं राहील?

बाद झालेल्या सामानाची माझी एक शिस्त होती. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर कानशीनं फुली मारायची. पितळेची मोड तांबटाकडे न्यायची आणि मुशीत तिचा रस होईपर्यंत तिथून हलायचं नाही. नाहीतर तेच घासूनपुसून पुन्हा बाजारात येतं. जुन्या डबीवरही फुली मारली. ती वितळताना मी पाहिली, तांबटानंही पाहिली.

गाडी उन्हाळाभर गुमान चालली. पावसाळ्यात भाऊसाहेबांची सून अडली. सुईणीनं हात टेकले, म्हणून तिला व्हॅनमध्ये घालून बीडच्या दवाखान्यात निघाले. मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन उकळलं. गार करून निघावं तर पुन्हा उकळे. शेवटी बैलगाडी मिळाली. सून वाचली, मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन बैलांनी ओढून आणली. भाऊसाहेबांनी दारासमोर, गावाच्या देखत मला ती उघडायला लावली. पॅकिंग अखंड होतं, मीच चिकटवलेलं. झाकण उचललं. आत जुनी डबी होती. काठावर माझी फुली.

भाऊसाहेबांचा आवाज चढला नाही. “मिस्त्री, ही खूण कुणाची?”

“माझी.”

“तिचा मतलब काय?”

“बाद.”

“मग ती हितं कावून हाय?”

मी म्हटलं, हिचा रस झाला होता, तांबटाला विचारा. मागून कोणीतरी बोललं, “नवी इकून खाल्ली बे यानं.” एकटा इब्राहिम मध्ये पडला. “मालक, बंद डबीवर गाडी घाटापोतर बी गेली नसती. उन्हाळाभर कशी चालली?” त्याला गप्प बसवलं. डबी त्यात टाकून बघायला मी उकळतं पाणी मागितलं, तेही कोणी आणलं नाही.

तांबटाला बोलावून आणलं. त्यानं डबी उलटीसुलटी केली, भाऊसाहेबांकडे पाहिलं. “रोज पितळ वितळवतो, मालक. कोन्तं काय, कसं ध्यानात ऱ्हाईल?”

परत जाताना वाटेत त्यानं मला गाठलं. “मिस्त्री, म्या वितळवली ती. तुमच्यासमोरच. पर लेकरू गेलंय त्यांचं... काय बोलू मी?”

“हेच तिथं बोलायचं होतं.”

तो खाली मान घालून निघून गेला. इब्राहिमसुद्धा नंतर रस्ता बदलून जाऊ लागला. त्या महिन्यातच चौसाळा सोडलं आणि हद्द ओलांडून नगरला आलो. इथं येण्याआधीच माझं नाव इथं पोचलं होतं.

मी सगळे मार्ग तपासून पाहिले. कोणी अदलाबदल केली म्हणावं, तर झाकण काढताना पॅकिंग फाटलं असतं. दुसरी तशीच डबी म्हणावी, तर फुली माझ्या हातची. आणि वितळलेलं पितळ... ते तर मी डोळ्यांनी पाहिलंय. मी लबाड आहे एवढं धरलं की मात्र सगळं जागच्या जागी बसतं. त्या दिवशी मी गर्दीत उभा असतो, तर मलाही तेच पटलं असतं.

इथं आल्यावर बायकोनं एकदाच विचारलं, “नवी बसवली व्हती न्हवं तुमी?” मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढं कधीच विषय काढला नाही. म्हणजे गावासारखं तिलाही कारण सापडलं असावं. मलाच तेवढं सापडत नाही.